चेहऱ्याची गेलेली भर आणि फिलरची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बसलेले गाल, खोल गेलेली कानशिलं, डोळ्यांखालचे खड्डे. यासाठी इंजेक्शनने फिलर घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा बहुतेक विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. घाईत असाल तर प्रश्न ४ आणि १० तेवढे वाचा. फिलर घेऊन झालं असेल आणि आत्ता त्वचा पांढरी पडत असेल किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर वाचत बसू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

१. फिलर म्हणजे बोटॉक्सच ना?

नाही. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन. ते स्नायूला काही महिने सैल करतं, म्हणून कपाळावरच्या आठ्यांसारख्या, चेहऱ्याच्या हालचालीने पडणाऱ्या सुरकुत्या कमी होतात. फिलर स्नायूला हात लावत नाही. ते त्वचेखाली किंवा थेट हाडालगत जाऊन जागा व्यापतं, नाहीतर शरीराला तिथे नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तयार करायला लावतं. गाल आत गेले असतील तर बोटॉक्स कितीही घेतलं तरी ते भरणार नाहीत. एकाच माणसाला दोन्ही लागू शकतात, पण एकाचं काम दुसरं करत नाही.

२. माझं वजन तेवढंच आहे, मग गाल का बसले?

कारण चेहरा तीन थरांत ओसरतो आणि वजनकाट्याला त्यातलं काहीच कळत नाही. सगळ्यात खाली हाड. वयानुसार डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरचा जबडा मागे सरकतो, खालच्या जबड्याचाही आकार बदलतो. त्यावर चरबी. चेहऱ्यावरची चरबी एकसंध पसरलेली नसून वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असते. रोहरिक आणि पेसा या शल्यचिकित्सकांनी २००७ मध्ये हे कप्पे मृतदेहांत रंग सोडून दाखवून दिले. प्रत्येक कप्पा आपापल्या गतीने झिजतो, म्हणून गालाचा वरचा भाग सपाट होतो पण हनुवटीखाली चरबी तशीच राहते. सगळ्यात वर त्वचा, जिच्यातलं कोलॅजन ऊन, धूम्रपान आणि वय यांनी घटतं.

याचा निवडीशी थेट संबंध आहे. बऱ्याच जणांना वाटतं की चेहरा ‘खाली ओघळला’. पुष्कळदा वरचा आधार गेलेला असतो आणि खालची घडी हा त्याचा परिणाम असतो. अशा वेळी घडीत फिलर भरत राहिलं तर तोंडाभोवतीचा भाग जड होतो आणि गाल जिथल्या तिथेच राहतात.

३. फिलरचे प्रकार तरी किती आहेत?

नावं शेकडो, पण आतला पदार्थ पाहिला तर मोजकेच.

हायलुरॉनिक ॲसिड हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांत असतोच. नुसता टोचला तर शरीर तो फार लवकर मोडून टाकतं, म्हणून त्याचे रेणू रासायनिक दुव्यांनी एकमेकांना जोडून जेल बनवतात. दुवे किती आणि कसे, यावर ते जेल मऊ राहणार की घट्ट हे ठरतं. हा प्रकार हायलुरॉनिडेज या एन्झाइमने विरघळवता येतो आणि खाली निवडीबद्दल जे काही लिहिलं आहे ते बरंचसं या एका गुणाभोवती फिरतं.

कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचे सूक्ष्म गोल कण, जेलमध्ये मिसळलेले. रेडिएस हे त्यातलं परिचित नाव. जेलमुळे भर लगेच दिसते, पुढे कणांभोवती कोलॅजन तयार होतं. उठाव घट्ट मिळतो, त्यामुळे जबड्याच्या कडेला चांगलं. ओठांत आणि डोळ्यांखाली मात्र नको, तिथे गाठी होतात.

पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, म्हणजे स्कल्प्ट्रा, हे खरं तर ‘भरत’ नाही. पाण्यात मिसळलेली पूड टोचतात. पाणी काही दिवसांत शोषलं जातं आणि चेहरा पुन्हा पहिल्यासारखा दिसतो. इथेच अनेक जण ‘फसवलं’ म्हणून फोन करतात. पुढच्या काही महिन्यांत हळूहळू कोलॅजन वाढतं. साधारण महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन-तीन बैठका लागतात.

पीएमएमए म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे. शरीर ते मोडत नाही, म्हणून हे कायमचं. बेलाफिल या नावाच्या फिलरमध्ये गाईचं कोलॅजन असतं, त्यामुळे आधी त्वचेची ॲलर्जी चाचणी लागते. स्वतःची चरबी हा वेगळाच मार्ग आहे, प्रश्न १७ पाहा.

४. मग माझ्यासाठी कोणतं?

याचं एका ओळीत उत्तर देणाऱ्यापासून जरा सांभाळून राहा. निवड तीन गोष्टींवर ठरते: भर कुठल्या जागेची गेली, कुठल्या थरातून गेली, आणि काही बिघडलं तर परत फिरता येईल का. क्रम मात्र मी उलटा लावेन. परत फिरण्याचा प्रश्न आधी.

पहिल्यांदाच घेत असाल तर हायलुरॉनिक ॲसिडच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा चेहरा कसा प्रतिसाद देतो हे तुम्हाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. आवडलं नाही किंवा गुंतागुंत झाली तर विरघळवण्याचा मार्ग उरतो. कायमचं फिलर ‘एकदाच खर्च’ म्हणून आकर्षक वाटतं, पण चेहरा कायमचा तसाच राहत नाही. हाड आणि चरबी पुढेही झिजत राहते आणि चाळिशीत शोभलेली भर साठीत भलत्याच जागी उठून दिसू शकते.

मग जागा. गालाच्या हाडावर आणि हनुवटीला घट्ट, सहज न दबणारं जेल लागतं, कारण त्याला वरच्या ऊतींचं वजन पेलायचं असतं. या घट्टपणाला तज्ज्ञ ‘जी प्राइम’ म्हणतात. हे मोजमाप जितकं जास्त तितकं जेल आकार धरून ठेवतं. तेच घट्ट जेल ओठांत घातलं तर बोलताना-हसताना कडक गोळा जाणवतो. तिथे मऊ, हालचालीबरोबर वाकणारं हवं. कानशिलं खोल गेली असतील तर घट्ट जेल हाडालगत देतात, किंवा काही डॉक्टर मऊ जेल वरच्या थरात पसरतात. दोन्ही रीती चालतात आणि दोन्हींत तिथल्या रक्तवाहिन्यांचं भान लागतं. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या घड्यांसाठी आलेल्या माणसाला चांगला डॉक्टर अनेकदा आधी गाल दाखवतो. ते टाळाटाळ करणं नव्हे, प्रश्न २ मधलं शरीरशास्त्र आहे.

एखादा खड्डा नसून सगळाच चेहरा सुकल्यासारखा झाला असेल, तर पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचा विचार करण्यासारखा आहे. बदल सावकाश होतो, त्यामुळे आजूबाजूच्यांना ‘काय केलंस’ हा प्रश्न सहसा पडत नाही. पण ज्याला धीर नाही, किंवा महिन्याभरात एखादा समारंभ आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

त्वचा फार पातळ असेल तर वरच्या थरात काहीही भरलं तरी ते दिसतं किंवा हाताला लागतं. अशांना खोल थर, कमी मात्रा आणि दोन टप्पे बरे पडतात.

५. एवढं कशाला, चांगला ब्रँड सांगा ना!

ब्रँड म्हणजे एक उत्पादन नव्हे. जुविडर्म म्हटलं की त्यात गालासाठीचं व्होल्युमा असतं आणि ओठांसाठीचं मऊ व्होल्बेलाही असतं. रेस्टिलेनमध्ये गालासाठी लिफ्ट वेगळं. ‘मी जुविडर्म घेतलंय’ यातून पुढच्या डॉक्टरला जवळजवळ काहीच कळत नाही. पूर्ण नाव आणि बॅच क्रमांक विचारा. खोक्यात सिरिंजबरोबर स्टिकर येतात, त्यातला एक तुमच्या कागदावर लावून घ्या. सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडलं पाहिजे. आधीच उघडलेली, लेबल नसलेली किंवा ‘अर्धी उरली होती’ अशी सिरिंज दिसली तर उठून या.

माझ्या मते चांगल्या हातातलं साधं उत्पादन नवख्या हातातल्या उत्तम उत्पादनापेक्षा कधीही बरं.

६. किती सिरिंज लागतील?

हायलुरॉनिक ॲसिडच्या सिरिंजमध्ये बहुतेक वेळा १ मिली जेल असतं. चहाचा चमचा ५ मिलीचा, म्हणजे एक सिरिंज त्याचा पाचवा भाग. दोन्ही गालांत मिळून ती विभागली तर हाती फार थोडं येतं. त्यामुळे ‘एकात सगळा चेहरा’ हे आश्वासन खरं नसतं. दुसरीकडे, पहिल्याच दिवशी भरपूर सिरिंज रिकाम्या करण्याचा आग्रहही नको. थोडं भरून, सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पाहून, मग पुढचं ठरवावं. कमी पडलं तर भर घालणं सोपं आहे, जास्त झालं तर काढणं त्रासाचं (प्रश्न ११).

७. किती दिवस टिकतं?

ढोबळ मानाने हायलुरॉनिक ॲसिड ६ ते १८ महिने, गालासाठीची घट्ट जेलं त्याहून जास्त, काही २ वर्षांपर्यंत. कॅल्शियमचं साधारण १२ ते १८ महिने. पॉली-एल-लॅक्टिकचा परिणाम २ वर्षं किंवा त्याहून अधिक. ओठांसारख्या सतत हलणाऱ्या जागी कमी, हाडालगत जास्त.

यात एक गोम आहे. ‘परिणाम दिसेनासा झाला’ याचा अर्थ ‘फिलर संपलं’ असा होत नाही. एमआरआयमध्ये हायलुरॉनिक ॲसिडचे अवशेष कित्येक वर्षांनीही सापडले आहेत. म्हणून वर्ष झालं की डोळे मिटून पुन्हा तेवढंच भरायचं, हे वेळापत्रक धोक्याचं. आधी आरशात आणि जुन्या फोटोत पाहून ठरवा.

८. दुखतं का? आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल का?

बहुतेक फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं आणि वरून मलमही लावतात. टोचल्याची कळ आणि दाब जाणवतो, सहन होण्यासारखा. सूज पहिले दोन दिवस जास्त असते. काळं-निळं पडलं तर आठवडा-दीड आठवडा राहतं. कामावर जाता येतं, पण फोटो काढून घ्यायचे असतील तर दोन आठवडे हातात ठेवा.

पहिले एक-दोन दिवस जोराचा व्यायाम, मद्य आणि वाफ-सौना टाळा. चेहरा चोळू नका. पॉली-एल-लॅक्टिकचा नियम मात्र याच्या अगदी उलट आहे: रोज ५ वेळा, ५ मिनिटं, ५ दिवस मसाज. एकाने केलेलं पाहून दुसऱ्याने करू नये ते याचसाठी. एका बाजूला सूज जास्त असणं पहिल्या आठवड्यात नेहमीचंच. वेदना वाढत जाणं मात्र नेहमीचं नाही, त्यासाठी प्रश्न १०.

९. डोळ्यांखालच्या खड्ड्यांत घ्यावं का?

काहींनी घ्यावं, बऱ्याच जणांनी घेऊ नये. चेहऱ्यावरची ही सगळ्यात नखरेल जागा. त्वचा पातळ, पाणी धरण्याची सवय जुनी. जेल वरच्या थरात राहिलं तर त्यातून प्रकाश विखुरतो आणि निळसर छटा दिसते. याला टिंडाल परिणाम म्हणतात. पाणी ओढणारं जेल असेल तर सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली पिशव्या दिसतात आणि हे महिनोन्महिने चालू शकतं.

काळी वर्तुळं रंगद्रव्यामुळे असतील तर फिलरने ती जाणार नाहीत. खड्ड्याच्या सावलीमुळे असतील तर फरक पडेल. घरी पाहण्याची साधी युक्ती: आरशासमोर उभं राहून हनुवटी वर करा आणि वरून पडणारा उजेड थेट चेहऱ्यावर घ्या. काळेपणा कमी झाला तर तो सावलीचा. पिशव्या आधीपासूनच असतील किंवा सकाळी डोळे सुजत असतील तर फिलर लांब ठेवा. कधी कधी गालाचा वरचा भाग भरला की डोळ्यांखालचा खड्डा आपोआप उथळ होतो आणि त्या नाजूक जागेला हात लावावा लागत नाही. मला हा मार्ग जास्त पटतो.

१०. फिलरने आंधळेपण येतं हे खरं आहे की घाबरवायला सांगतात?

खरं आहे. दुर्मीळ, पण खरं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर ती तुंबते. त्या वाहिनीवर अवलंबून असलेली त्वचा मरू शकते. चेहऱ्यावरच्या काही वाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या आहेत. दाबाने जेल उलट दिशेने ढकललं गेलं तर ते थेट दृष्टिपटलाच्या वाहिनीत पोचू शकतं. भुवयांमधली जागा, नाक, कपाळ आणि नाकाच्या कडेच्या घड्या या जास्त धोक्याच्या. २०१५ मध्ये जगभरातल्या नोंदींचा जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात अशा ९८ रुग्णांची माहिती होती आणि भुवयांमधली जागा व नाक हीच सर्वांत वर होती.

त्वचेची वाहिनी तुंबल्याची लक्षणं अशी: टोचताना किंवा लगेच नंतर त्वचा पांढरीफटक पडणं, मग जाळीसारखे जांभळट डाग, त्या जागी गारपणा, आणि वाढत जाणारी वेदना. बधिर करणारं औषध असल्याने सुरुवातीला वेदना नसूही शकते, म्हणून रंगाकडे लक्ष द्या. बोटाने दाबून सोडल्यावर निरोगी त्वचेचा रंग लगेच परततो. इथे तो रेंगाळतो. साधं काळं-निळं पडणं आणि हे यांतला फरक फोनवरून कळत नाही. त्याच दिवशी दाखवा, ‘उद्या बघू’ नको. हायलुरॉनिक ॲसिड असेल तर लगेच भरपूर हायलुरॉनिडेज देऊन त्वचा वाचवता येते.

डोळ्याचं गणित निराळं आहे. दृष्टिपटलाला रक्त मिळालं नाही तर ६० ते ९० मिनिटांत कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि इतक्या वेळात उपचार मिळूनही दृष्टी परत येईलच असं नाही. दिसायला कमी होणं, एका डोळ्यात तीव्र वेदना, पापणी पडणं, अचानक मळमळ, यांपैकी काहीही झालं तर ती आणीबाणी.

त्यामुळे अपॉइंटमेंट घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. इथे हायलुरॉनिडेज ठेवलेलं आहे का? आणि रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा? याला जिथे हसण्यावारी नेतात तिथे फिलर घेऊ नये. सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वापरली की धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. टोचण्याआधी सिरिंज मागे ओढून रक्त येतं का हे पाहतात. रक्त आलं नाही म्हणजे सुई वाहिनीत नाहीच, अशी खात्री त्यातून मिळत नाही. काही ठिकाणी आता सोनोग्राफीने आधी वाहिन्या पाहून घेतात. धोक्याच्या जागी याचा उपयोग आहे.

११. आवडलं नाही तर काढून टाकता येतं?

हायलुरॉनिक ॲसिड असेल तर हो. हायलुरॉनिडेज टोचल्यावर बहुतेक परिणाम एक-दोन दिवसांत दिसतो, कधी दुसऱ्यांदा द्यावं लागतं. त्या एन्झाइमची ॲलर्जी येऊ शकते. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ज्यांना जोराची ॲलर्जी आली आहे त्यांनी हे फिलर घेण्याआधीच सांगावं, विरघळवायची वेळ येईपर्यंत थांबू नये. ‘आपलं स्वतःचं हायलुरॉनिक ॲसिडही जातं का’ असं विचारतात. त्यावरही परिणाम होतो, पण शरीर ते पुन्हा तयार करतं.

कॅल्शियमचं, पॉली-एल-लॅक्टिक किंवा पीएमएमए असेल तर हे एन्झाइम काही करत नाही. पहिली दोन ओसरण्याची वाट पाहायची. पीएमएमएला बहुधा शस्त्रक्रियाच.

१२. फिलर प्राण्यांपासून बनवतात का? मी पूर्ण शाकाहारी आहे.

आजची हायलुरॉनिक ॲसिडची फिलर बहुतेक जिवाणूंच्या किण्वनातून बनतात. कॅल्शियमचं आणि पॉली-एल-लॅक्टिक कृत्रिम. जुनी कोलॅजनची फिलर, ज्यांतलं पहिलं १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ती गाईपासून होती. बेलाफिलमध्ये आजही ते असतं. विरघळवणारं हायलुरॉनिडेज मात्र अनेकदा मेंढी किंवा गाय-बैलापासून मिळवतात. मानवी प्रथिनाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलंही असतं. आणीबाणीत निवडीला वेळ नसतो, म्हणून हे आधीच ठरवून सांगा.

१३. कोणी अजिबात घेऊ नये?

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांनी नको, सुरक्षिततेची पुरेशी माहिती नसल्यामुळे. त्या जागी मुरमांचा पू, नागीण किंवा दुसरा कुठलाही संसर्ग असेल तर बरा होईपर्यंत नको. लिडोकेनची किंवा फिलरमधल्या कुठल्याही घटकाची ॲलर्जी असेल, पूर्वी तीव्र ॲलर्जीचा झटका आला असेल, तरीही नको. स्वप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा आजार, असणाऱ्यांना सरसकट मनाई नाही, पण आजार शांत असताना आणि मूळ आजाराच्या डॉक्टरांना विचारूनच. ओठांवर वारंवार ताप उतरल्याचे फोड येत असतील तर आधी विषाणूविरोधी गोळ्या देतात.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फिलरना २२ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी मंजुरी दिली आहे. विशीतल्या भरल्या गालांना भर कशासाठी हवी, हे मला तरी उमगत नाही.

१४. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

स्वतःहून मुळीच नाही. हृदयासाठी किंवा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली गोळी चेहऱ्यासाठी थांबवणं हा महाग सौदा. काळं-निळं जास्त पडेल, तेवढं सोसा. ज्या गोष्टी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नाहीत, जसं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व किंवा सहज घेतलेली वेदनाशामक, त्या आठवडाभर आधी थांबवता येतात.

१५. वजन कमी करणारी इंजेक्शनं घेतेय, चेहरा एकदम उतरलाय. आत्ताच भरू का?

वजन स्थिर होईपर्यंत थांबा. सेमाग्लुटाइडसारख्या (ओझेम्पिक हे त्याचंच एक ब्रँडनाव) औषधांवर वजन भराभर उतरतं आणि त्याबरोबर चेहऱ्याची चरबीही. ‘ओझेम्पिक फेस’ हे नाव त्यातूनच पडलं. औषधाने चेहऱ्याला वेगळं काही केलेलं नसतं. आज भरलेलं माप आणखी काही किलो गेल्यावर चुकतं, आणि पुढे वजन परत आलं तर उलट्या बाजूने चुकतं. काही महिने काटा जागेवर राहिला की मग पाहा. सगळीकडून भर गेलेली असते, त्यामुळे इथे कोलॅजन वाढवणारी फिलर बऱ्याचदा जास्त शोभतात (प्रश्न ४).

१६. दाढा काढल्यावर गाल आत गेले. फिलरने भरतील?

आधी दंतवैद्य. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं आणि ओठ-गालांचा आतला आधार जातो. नीट बसवलेल्या कवळीने किंवा इम्प्लांटने जे साधतं ते बाहेरून फिलर भरून साधत नाही. दातांचं काम झालं की गरज पुन्हा तपासा. कधी कधी ती उरतच नाही. क्रम उलटा केला तर दातांच्या कामात रक्तात उतरणारे जंतू फिलरपर्यंत पोचण्याची भीती असते. म्हणून साधं दात साफ करणंही फिलरच्या आगेमागे दोन आठवडे टाळतात.

१७. स्वतःचीच चरबी पोटातून काढून गालात भरली तर? ती तर नैसर्गिक.

नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हे समीकरण सोडून द्या. प्रश्न १० मधल्या २०१५ च्या आढाव्यात दृष्टी गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत टोचलेली वस्तू स्वतःची चरबीच होती. ती विरघळवता येत नाही.

फायदेही मोठे आहेत. भरपूर मात्रा मिळते आणि जी चरबी रुजते ती बरीच वर्षं टिकते. पण किती रुजेल हे आधी नेमकं सांगता येत नाही, काही भाग शोषला जातोच. शिवाय ती गालात गेली तरी पोटाच्या चरबीसारखीच वागते. पुढे वजन वाढलं की तीही वाढते. खूप भर हवी असेल, किंवा दुसरी शस्त्रक्रिया होणारच असेल, तर विचार करा. लहानशा खड्ड्यासाठी हा खटाटोप नको.

१८. सुईशिवाय पेनने फिलर देतात, पार्लरमध्येही करतात. चालेल?

नाही. दाबाने जेल आत ढकलणाऱ्या या ‘हायलुरॉन पेन’विरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा दिला. जेल किती खोल जाईल यावर काहीच ताबा राहत नाही. ऑनलाइन मिळणारी फिलर घरी टोचून घेणाऱ्यांनी प्रश्न १० पुन्हा वाचावा. फिलर चेहऱ्याचं शरीरशास्त्र शिकलेल्या, आणि गुंतागुंत झाली तर स्वतः उपचार करू शकणाऱ्या डॉक्टरकडूनच घ्यावं.

१९. काहींचे चेहरे फुगल्यासारखे दिसतात. माझंही तसंच होईल का?

ते बहुतेक चुकीच्या कामासाठी फिलर वापरल्याने होतं. त्वचा खूप सैल झाली असेल तर ती ताणून बसवण्यासाठी लागणारी भर कुठल्याही चेहऱ्याला शोभत नाही. अभ्रा मोठा झाला म्हणून उशीत कापूस कोंबत गेलं तर उशीच गोळा होते. जबड्याखाली लोंबणारी कातडी, मानेच्या पट्ट्या यांना शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. ‘यावर फिलर चालणार नाही’ असं सांगणाऱ्या डॉक्टरवर जास्त विश्वास ठेवा.

दुसरं कारण म्हणजे दर भेटीत थोडं-थोडं वाढत जाणं. डोळा बदलाला सरावतो. दहा वर्षांपूर्वीचा, नैसर्गिक उजेडातला एक फोटो प्रत्येक भेटीला बरोबर न्या आणि त्याच्याशी तुलना करा, मागच्या महिन्यातल्या सेल्फीशी नको.

२०. सगळं छान होतं, पण कित्येक महिन्यांनी अचानक गाठ आली. असं कसं?

उशिरा येणाऱ्या गाठींची कारणं वेगवेगळी असतात: रोगप्रतिकार यंत्रणेची प्रतिक्रिया, जेलभोवती चिकटून बसलेल्या जंतूंचा थर, किंवा नुसतं एकवटलेलं फिलर. सर्दी-ताप, दातांचा संसर्ग किंवा लसीकरणानंतर जुन्या फिलरच्या जागी सूज आल्याचं दिसून आलं आहे. २०२० मध्ये मोडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीत अशा मोजक्या नोंदी झाल्या आणि त्या उपचाराने बऱ्या झाल्या. त्यासाठी लस टाळू नये.

गाठ दाबून फोडू नका, जोरात चोळू नका. लाल, गरम, दुखरी असेल तर संसर्ग धरून उपचार होतात. संसर्ग असताना घाईने स्टिरॉइड टोचणं अंगाशी येऊ शकतं. इथे कोणतं फिलर होतं हे माहीत असणं फार कामाचं, प्रश्न ५ मधला स्टिकर आठवा.

२१. एमआरआय किंवा सीटी करायचं आहे. फिलरचं सांगावं लागेल?

सांगा. फिलर आहे म्हणून एमआरआय टाळायचं कारण नाही. पण कॅल्शियमचे कण सीटीत आणि एक्स-रेत पांढरे उमटतात, कर्करोगासाठीच्या पेट स्कॅनमध्येही चमकू शकतात. तपासणाऱ्याला कल्पना नसेल तर भलतीच शंका आणि मागोमाग बायोप्सी.

२२. बऱ्याच वर्षांपूर्वी काहीतरी टोचून घेतलं होतं, काय होतं माहीत नाही. आता वर नवीन घेता येईल?

घाई नको. ते द्रव सिलिकॉन किंवा पॉलीॲक्रिलामाइडचं जेल असू शकतं. दोन्ही शरीरात राहतात आणि वर्षांनंतरही चिघळू शकतात. त्याच जागी नवी सुई गेली तर निजलेला दाह जागा होण्याचा धोका असतो. आधी अनुभवी व्यक्तीकडून त्या भागाची सोनोग्राफी करून घ्या. वेगवेगळी फिलर त्यात वेगवेगळी दिसतात आणि बऱ्याचदा ओळख पटते. हायलुरॉनिक ॲसिड निघालं तर मार्ग मोकळा. सिलिकॉन निघालं आणि काही त्रास नसेल, तर ती जागा न छेडणं उत्तम.

२३. माझा फक्त एकाच बाजूचा गाल खोल जातोय. तेवढाच भरला तर चालेल ना?

थोडा फरक सगळ्यांच्याच चेहऱ्यात असतो. जुन्या फोटोतही तो दिसत असेल तर चिंता नाही. पण फरक नवा असेल आणि वाढत असेल तर आधी निदान. पॅरी-रॉम्बर्ग विकारात अर्ध्या चेहऱ्याची चरबी, कधी स्नायू आणि हाडही झिजत जातं. मॉर्फिया (त्वचा ठिकठिकाणी कडक होण्याचा आजार) आणि ल्युपस (एक स्वप्रतिकार आजार) यांमध्ये त्वचेखालची चरबी ठिगळांसारखी जाते. दोन्ही गाल एकदम आणि ठळक ओसरले असतील तर एचआयव्हीची काही जुनी औषधंही कारण असू शकतात. स्कल्प्ट्राला २००४ मध्ये अमेरिकेत पहिली मंजुरी याच रुग्णांसाठी मिळाली, सुरकुत्यांसाठीची नंतर २००९ मध्ये.

या आजारांत फिलरचा उपयोग होतो, चांगलाच होतो. मात्र आजाराची धग चालू असताना भरलं तर भोवतालची झीज थांबत नाही आणि फिलरमुळे दाह वाढण्याचीही भीती असते. साधारणपणे आजार काही काळ, बहुधा वर्षभर तरी, शांत राहिल्यावरच भरायला घेतात. तोपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढत राहा. झीज थांबली आहे की नाही, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येईल.